मुंबईच्या रानातल्या लिली: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बोरिवली-ठाण्याकडचे काही शेजारी दर पावसाळ्यात शाळेतल्या मुलांना आणि सोसायट्यांमधल्या लोकांना रानफुलं दाखवायला नेतो. वाटेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मुंबईत रानटी लिली आहेत तरी का? आम्ही लिली पाहिली ती फुलवाल्याकडे.

आहेत. त्यातल्या काही तुम्ही पाहिल्याही असतील, फक्त लिली म्हणून ओळखल्या नसतील.

जुलै-ऑगस्टमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, ठाण्याच्या बाजूला येऊरच्या वाटेवर किंवा वसईकडच्या कुंपणांवर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं दिसतात, ती कळलावी. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटांसारख्या. फूल उमलताना हिरवट असतं, मग पिवळं होतं आणि सरतेशेवटी लालभडक. वेलीला आधार हवा असतो, म्हणून पानाचं टोकच शेपटीसारखं वळून शेजारच्या फांदीला धरून बसतं. मुलांना हे टोक बोटाने न ओढता नुसतं पाहायला सांगितलं की ती बराच वेळ तिथून हलत नाहीत.

पावसाच्या आधी, एप्रिल-मेच्या उन्हात, कोळकांदा फुलतो. तेव्हा त्याला एकही पान नसतं. करपलेल्या जमिनीतून नुसता एक उंच दांडा वर येतो आणि त्यावरची मळकट रंगाची छोटी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. दुपारी तिथून गेलात तर वाळकी काडी समजून पुढे निघून जाल. गडांबी कांद्याची फुलं मात्र मोठी, पांढरी, मधोमध गुलाबी पट्टा असलेली, आणि रात्री सुगंध देणारी. त्यांच्याकडे येतात ते निशाचर पतंग. याशिवाय फोडशी आणि सफेद मुसळी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. वर्षातले काहीच महिने ही झाडं जमिनीवर दिसतात. बाकीचा काळ ती कंदाच्या किंवा मांसल मुळांच्या रूपात मातीखाली असतात. त्यांचं संरक्षण अवघड होतं ते मुख्यतः यामुळेच.

यांना खरंच लिली म्हणायचं का?

काटेकोरपणे म्हणायचं तर नाही. 'लिलियम' या प्रजातीतल्या खऱ्या लिली भारतात हिमालयाच्या रांगांत, ईशान्येकडे आणि दक्षिणेला निलगिरीच्या बाजूला आहेत. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ लिलीचं कुळ फार मोठं मानायचे. नंतर ते तोडून वेगवेगळी कुळं केली गेली, त्यामुळे आज कळलावी एका कुळात, गडांबी कांदा दुसऱ्यात आणि सफेद मुसळी-कोळकांदा तिसऱ्यात आहेत. आम्ही 'रानातल्या लिली' म्हणतो ते जुन्या, सैल अर्थाने. सहा पाकळ्यांची, कंदातून येणारी ही फुलं लोकांना एका दमात सांगायला तेवढा एकच शब्द सोयीचा पडतो.

तळ्यातलं कमळासारखं दिसणारं कुमुद, ज्याला इंग्रजीत वॉटर लिली म्हणतात, याचा या फुलांशी संबंध नाही.

बोरिवलीच्या नावाची एक वनस्पती आहे म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं, आणि बोरिवलीकरांना हे माहीत नसतं याचं आम्हाला दर वेळी वाईट वाटतं. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम'. 1950च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ही जात वेगळी म्हणून ओळखली आणि तिला आपल्या बोरिवलीचं नाव दिलं. सांतापाव मूळचे स्पेनचे, जेझुइट धर्मगुरू. सेंट झेवियर्स कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. पश्चिम घाटातल्या झाडांचे वाळवलेले असंख्य नमुने ज्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत, ते याच कॉलेजात आहे.

झाड दिसायला साधं. गवतासारखी रुंद पानं, मधून एक दांडा, त्यावर छोटी पांढरी फुलं, बहुतेकदा तीन-तीनच्या झुपक्याने. खाली बोटांसारख्या मांसल मुळांचा घोस. ही मुळं सोलून वाळवली की पांढरी होतात आणि शक्तिवर्धक म्हणून विकली जातात. तीच मुसळी. मागणी वाढली तशी रानातून मुळं उपटून आणणारेही वाढले. नंतर तिची शेती सुरू झाली, पण बी फार कमी प्रमाणात रुजतं, म्हणून लावणीसाठीही पुन्हा मुळंच लागतात, आणि ती मुळं पुष्कळदा रानातूनच आली. मूळ काढलं की झाड संपलं. पानं खुडण्यात आणि मूळ काढण्यात हा एवढा मोठा फरक आहे.

मग फोडशी खायची की नाही?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, तोही जूनमध्ये, पिशवीत जुडी असताना.

फोडशी म्हणजे याच क्लोरोफायटम गटातल्या झाडांची कोवळी पानं. कुणी कुलू म्हणतं, कुणी कुळी. पहिला पाऊस झाला की पालघर, वसई, ठाण्याकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या लोकलने जुड्या घेऊन येतात आणि स्टेशनबाहेर बसतात. बुडाचा पांढरा कडक भाग काढून टाकायचा, पानं बारीक चिरायची, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ किंवा चणाडाळ घालून परतायची. वर थोडं ओलं खोबरं. आमच्यापैकी बऱ्याच जणांना या झाडाची ओळख ताटातच झाली.

आमचं मत असं: खा. ही भाजी विकणाऱ्या बाईचा पावसाळ्याच्या सुरुवातीचा रोजगार त्यावर आहे, आणि झाड कुठे उगवतं, कधी येतं, कुठे कमी झालं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. लोकांनी भाजी घेणं बंद केलं तर ती माहितीही हळूहळू विसरली जाईल. फक्त जुडी घेताना बुडाकडे बघा. पानं जमिनीलगत खुडलेली असतील तर मुळं जागेवर आहेत आणि ती पुन्हा पान काढू शकतात. बुडाला मांसल मुळं लटकत असतील तर अख्खं झाड उपटलेलं आहे. तशी जुडी घेऊ नका, आणि का घेत नाही ते मावशींना नीट सांगा, पण वाद घालू नका. बहुतेक बायका मुळं सोडूनच खुडतात. पुढच्या वर्षीही त्यांना त्याच जागी यायचं असतं. आणखी एक. एका घरासाठी दोन जुड्या पुरतात. रानभाजीची हौस म्हणून दहा-दहा जुड्या नेऊन फ्रीजमध्ये सडवू नका.

कळलावी विषारी आहे ना? मुलांना दाखवायची कशाला?

विषारी आहे, तीही साधीसुधी नाही. सगळ्या झाडात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांत जास्त. तेच द्रव्य औषध म्हणून संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, अगदी मोजक्या मात्रेत दिलं जातं. त्यासाठी तामिळनाडूत कळलावीची शेती होते आणि बिया विकल्या जातात. कळलावी तामिळनाडूचं राज्यफूलही आहे. पण घरगुती उपाय म्हणून या झाडाचा कुठलाही भाग वापरू नये. कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यामुळे चुकून खाल्ला जाण्याची भीती असते. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यानंतर मध्येच बरं वाटू लागलं तरी धोका टळलेला नसतो, कारण शरीरातल्या अवयवांवर परिणाम नंतर दिसतो. म्हणून वाट न बघता लगेच रुग्णालयात न्यायचं आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत घ्यायचा.

पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा वापर व्हायचा. कळलावी हे नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, म्हणून संस्कृतात लांगली, आणि फूल ज्वाळेसारखं म्हणून अग्निशिखा. एका झाडाला इतकी नावं पडतात ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे निरखून पाहिल्यामुळेच.

मुलांना दाखवायची ती एवढ्यासाठीच. न पाहिलेलं झाड मूल एक तर घाबरून तोडतं नाही तर कुतूहलाने चावून बघतं. आम्ही पहिला नियम एकच सांगतो: हात मागे, डोळे पुढे. दुसरा नियम लागलाच तर शिक्षकांना सांगतो: रांगेच्या शेवटी एक मोठा माणूस हवाच.

घरात कळलावी लावली की भांडणं होतात, असं आजी म्हणते.

खूप आज्या म्हणतात. कळ लावणं म्हणजे भांडण लावणं, त्यावरून ही समजूत आली असावी. आजीशी वाद घालू नका. विषारी झाड लहान मुलांच्या हाताशी नको, हे त्या समजुतीतून आपोआप साधत आलं आहे.

गौरीला कळलावीची फुलं वाहतो. ते बंद करायचं का?

बंद करा असं आम्ही कुणालाही सांगत नाही. तेरड्याच्या गौरीच्या जुडीत काही घरांत कळलावीही असते, आणि काही भागांत तिला 'गौरीचे हात' असंच म्हणतात. हे नाव ऐकल्यापासून आमच्यातल्या एका ताईंना ते फूल पाहिलं की त्या वळलेल्या पाकळ्यांत बोटंच दिसतात.

गणपतीत दादरच्या बाजारात रानफुलांच्या जुड्या घेऊन आदिवासी बायका येतात. तिथे गेलात तर फुलांचे आणि वेलीचे तुकडे घ्या, कंदासकट वेल घेऊ नका. एका जुडीत दोन-चार फुलं असली तरी गौर तेवढीच सजते. आणि विसर्जनानंतर निर्माल्य उघड्यावर न टाकता कलशात टाका, गुरंढोरं खातात तिथे तर मुळीच नको.

उन्हाळ्यात डोंगर उजाड दिसतो. तिथे झाडं लावली तर भलंच होईल ना?

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ठाण्याकडच्या एका उघड्या उतारावर वृक्षारोपणाला गेलो. टी-शर्ट, टोप्या, कुदळी, सगळं होतं. खड्डे घ्यायला लागलो तसे मातीतून पांढऱ्या मुळांचे घोस वर यायला लागले. आम्ही ते तण समजून बाजूला फेकत होतो. आमच्यासोबत पाड्यावरच्या एक मावशी होत्या. त्यांनी एक घोस उचलला आणि म्हणाल्या, "अरे बाबा, ही फोडशी आहे. कशाला उपटता?" त्या दुपारी आम्ही किती झाडं मारली, कोण जाणे. त्या उतारावर जी रोपं लावली होती त्यातली बरीचशी पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेली.

उघडा, खडकाळ, गवताळ उतार उजाड नसतो. पातळ मातीत, दगडांच्या फटींत कंद दबा धरून असतात. तिथे दाट सावलीची झाडं वाढवली तर कंदांना लागणारं ऊन जातं, आणि खड्ड्यांनी आधीच जे गेलं ते गेलंच. डोंगर कापून रस्ता काढणं, राडारोडा ओतणं, हे धोके सगळ्यांना दिसतात. सद्‌हेतूने केलेलं चुकीच्या जागचं वृक्षारोपण मात्र कुणाला धोका वाटत नाही, म्हणून ते जास्त सांगावं लागतं.

झाडं लावायचीच असतील तर एक पावसाळा थांबा. जुलैत त्या जागी जाऊन काय काय उगवतं ते पाहा, जवळच्या पाड्यावर विचारा, मगच जागा ठरवा. हातांना काम हवं असेल तर घाणेरी आणि रानमोडी काढायला या. बाहेरून आलेली ही झुडपं उतार व्यापून टाकतात आणि खालच्या कंदांना वर यायला जागा उरत नाही. हे काम जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या परवानगीनेच करायचं.

एक कंद घरी आणून कुंडीत लावला तर तो वाचेल ना?

नाही. कुंडीत तो एखादा पावसाळा फुलेल, पण त्याचा पतंग, त्याची माती, शेजारच्या झाडाशी होणारं परागीभवन यातलं काही तिथे नसतं. आणि तुमच्यासारखाच विचार करणारे पन्नास जण त्याच वाटेने गेलेले असतात. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली रोपं घ्या आणि ती कुठून आणली हे विचारून घ्या.

कायद्याने मनाई आहे का?

राष्ट्रीय उद्यानात, हो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यजीव या शब्दात वनस्पतीही येतात. उद्यानातून फूल, बी, कंद काहीही परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे आणि मुंबई-ठाणे दोन्हींकडे पसरलं आहे, त्यामुळे येऊरच्या बाजूलाही हाच नियम. पाड्यांवरच्या लोकांचे हक्क हा वेगळा विषय आहे. 2006च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केलेला आहे. फोडशी खुडणाऱ्या बाईला फिरायला आलेल्या शहरी माणसाने कायदा शिकवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

पाड्यावरच्या लोकांना सोबत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सुरुवातीला आम्हाला वाटायचं की आपण त्यांना माहिती द्यायची. फोडशीच्या त्या प्रसंगानंतर आम्ही क्रम उलटा केला. आता फेरीची वाट पाड्यावरचे लोक ठरवतात, झाडाचं नाव आधी ते सांगतात, शास्त्रीय नाव आम्ही नंतर जोडतो. राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत वारली, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांचे पाडे पूर्वीपासून आहेत. एकाच झाडाला दोन पाड्यांत दोन नावं असतात, ती दोन्ही आम्ही लिहून ठेवतो.

पैशाचं बोलायला लोक संकोचतात, पण ते आधी बोलावं. अर्धा दिवस सोबत फिरणाऱ्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. शाळेकडून फेरीचे पैसे घेतले तर त्यातला पहिला वाटा त्यांचा. चहा-नाश्ता देऊन आभार मानणं पुरेसं नाही.

2002च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या भागातल्या नोंदवहीत ही झाडं, त्यांची बोलीतली नावं आणि वापर आले आहेत का, हे नागरिक म्हणून तुम्ही विचारू शकता. पाड्यातल्या बायकांचं नाव माहिती देणाऱ्यांत यावं असाही आग्रह धरा, अर्थात त्यांची संमती असेल तर.

हे दुसरीकडे कुठे जमलं आहे का?

साताऱ्याजवळचं कास पठार सगळ्यांना माहीत आहे. 2012मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत आलं आणि शनिवार-रविवारी गर्दी आवरेना. तिथे आजूबाजूच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या प्रवेश, शुल्क, वाटाड्ये हे सगळं सांभाळतात आणि दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे. गर्दीचे प्रश्न संपलेले नाहीत, पण फुलं टिकली तर गावाला मिळकत आहे, हे तिथल्या तरुणांना पक्कं ठाऊक आहे.

दुसरं उदाहरण मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातलं. तिथल्या शिरुई डोंगरावर फिकट गुलाबी शिरुई लिली होते. ती खऱ्या अर्थाने लिलियम आहे आणि मणिपूरचं राज्यफूल आहे. 1946मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी तिची नोंद केली आणि तिचं शास्त्रीय नाव त्यांच्या पत्नीच्या माहेरच्या नावावरून पडलं. तांगखुल नागा लोक मात्र तिला त्याआधीपासून ओळखत होते. आज त्या फुलाच्या नावाने उत्सव होतो.

शाळेत काय करता येईल?

चित्रकलेच्या तासाला गुलाब-जास्वंदीऐवजी कळलावी काढायला द्या, तिच्या पाकळ्या मागे का वळल्या आहेत हा प्रश्न आपोआप येतो. इयत्ता पाचवी-सहावीच्या मुलांना एकच झाड पूर्ण वर्षभर बघायला द्यावं. कोंब कधी आला, फूल कधी, शेंग कधी फुटली, पान कधी पिवळं पडलं. मे महिन्यात त्या जागी काहीच नसतं तेव्हाही एक पान लिहायला लावावं: 'इथे खाली कळलावी आहे.' आमच्याकडे अशा वह्या जमल्या आहेत आणि त्यातलं मेचं पान आम्हाला सगळ्यात आवडतं.

मुलांना घरी विचारायला एक प्रश्न द्या: पावसाळ्यात गावी तुम्ही कुठली रानभाजी खायचा? दुसऱ्या दिवशी वर्गात वीस नावं येतात. त्यातली निम्मी शिक्षकांनाही नवीन असतात. जमलं तर गोरेगावला चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे एक सकाळ न्या. ही संस्था 1883पासूनची आहे.

आमच्या सोसायटीत पांढऱ्या लिली आहेत. त्या चालतील ना?

बहुतेक ती स्पायडर लिली किंवा पावसाळी लिली असते, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या बागेतल्या जाती. राहू द्या, त्यांचा त्रास नाही. त्यांना रानातल्या लिली समजून डोंगरावर नेऊन मात्र लावू नका.

फुलाचा फोटो टाकला तर चालेल?

फोटो टाका, जागा टाकू नका. 'येऊर' एवढं पुरे. नकाशावरची खूण बघून मुळं काढायला जाणारे लोक आहेत.

मी रत्नागिरीचा. आमच्या सड्यावर पहिल्या पावसात पांढरी फुलं येतात, ती काय असतात?

लांब दांड्यावर मोठी पांढरीशुभ्र फुलं असतील तर बहुधा दिपकाडी. तिची 'कोंकणी' म्हणून ओळखली जाणारी जात फक्त कोकणातच आणि लगतच्या पट्ट्यात, कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवर होते. जांभ्याच्या चिरेखाणी आणि सडा फोडून केलेल्या आंबा-काजूच्या बागा यांनी तिची जागा कमी होत चालली आहे. सड्याला गावात पडीक म्हणतात, म्हणून तो आधी विकला जातो.

तुमचा सडा अजून तसाच असेल तर येत्या जूनमध्ये दोन दिवस रजा काढून जा. फुलं कुठे-कुठे येतात ते गुराख्याला विचारा, त्या जागांचे फोटो काढा, घरातल्या सगळ्या वाटेकऱ्यांना दाखवा. जमिनीचा विषय घरात निघेल तेव्हा हे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.